पंपवाली पोर

बाळ रऊफ,

माझ्या दुधावर वाढलास, म्हणून डॉक्टर झालास तरी तुला ‘अरे’च म्हणते. नाईलकाठी भाताचं काड पेटलं की माझी जुळी नातवंडं सारखीच धापा टाकतात. तू हातिमला दम्याचा पंप दिलास, शहिराला नुसतं खोकल्याचं औषध. म्हणालास, "आई, मुली जरा नाटकीच असतात." मी विश्वास ठेवला.

गेल्या आठवड्यात तिचे ओठ निळे पडले. इस्पितळानं वाचवली, तिलाही दमाच निघाला. जाब विचारला, तर फोनवर म्हणतोस, "ठाऊक होतं गं. पण पंपवाली पोर सून म्हणून कोण पत्करणार?"

अरे, नवरी व्हायला आधी श्वास तर हवा! आता ती ओट्यावर बसून, शेजारणींच्या देखत पंप ओढते.

हे पत्र धाडणार नाही. तुझ्या बायकोच्या हाती पडलं तर तुझी लाज जाईल, आणि ती झाकायची माझी खोड अजून मरत नाही.

तुझी दूधआई,
सनिय्या