माझ्या नावाचा नकार

३ नोव्हेंबर, सोमवार

‘या वेळी तरी अर्ज कर, जयश्री,’ दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर मॅडम म्हणाल्या. या वेळी तरी? तेव्हा काही कळलं नाही. ट्रस्टच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियनची कायम जागा निघालीय — म्हणजे गेली सहा वर्षं मी एजन्सीमार्फत जे काम करते, तेच! आनंदात लगेच अर्ज दिला. एजन्सीचं ना-हरकत पत्र लागतं म्हणून त्यांच्या नाशिकच्या ऑफिसात मॅनेजर भावेशला फोन लावला.

तो म्हणतो, ‘ताई, कायम नोकरी नको असं तुम्हीच लिहून दिलंय ना? दोन हजार बावीसमध्ये.’

मी? कधी? कोणाला?

‘फाइल बघायला या.’

रजेचा अर्ज लिहून टाकला. रागानं!

४ नोव्हेंबर, मंगळवार

वावर गावात सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं शिबिर. बासष्ट नमुने घेतले. बर्फाचा डबा नेहमीसारखा फागीबायनं धरला. ती आमची आया, तीही एजन्सीचीच, माझ्या आधीपासून.

एका म्हातारीनं दंड पुढे करत विचारलं, ‘पोरी, तू सरकारी का?’ नाही म्हटलं. ‘मंग ट्रस्टची?’ तेही नाही. ‘मंग कोनाची गं तू?’

काय सांगणार! सुई नीट लागली, एवढंच.

परतताना फागीबाय म्हणाली, ‘भांडून ये, बाय. तू शिकलेली. आमी कोनाशी भांडू?’

६ नोव्हेंबर, गुरुवार

रजा टाकून नाशिकला जाऊन आले. पत्र पाहिलं.

टाइप केलेलं. ‘घरगुती कारणास्तव मला दवाखान्यात कायम नोकरीची इच्छा नाही.’ दवाखान्यानं मला तेव्हाच मागितलं होतं! आणि हे मला आज कळतंय!

सर्वांत वाईट म्हणजे खालची सही. माझीच आहे. खरीखुरी. रुजू होताना सात-आठ कोरे कागद पुढे केले होते, ‘फॉर्म नंतर भरून घेतो’ म्हणून. मी केल्या सह्या. नोकरी मिळत होती, कोण विचारतंय!

भावेश चहा पीत होता. ‘सही तुमचीच ना, ताई? मग वाद कसला?’

माणूस हातचा गेला की त्यांचं कमिशन जातं. म्हणून माझ्या नावानं नकार! फोटो काढायला गेले तर फाइलच मिटली. तो कप त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं. नाही घातला. बसमध्ये अख्खा रस्ता त्याचाच पश्चात्ताप करत आले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून पत्राची त्यांच्याकडची प्रत काढली. ‘मला वाटलं, तुलाच इथे राहायचं नाहीये.’

तेव्हा मात्र मी ओरडले. हो, ओरडलेच! ‘मॅडम, माझी लॅब तुमच्या केबिनपासून दहा पावलांवर आहे. तीन वर्षांत एकदा विचारायचं होतंत!’

बाहेरचे पेशंट दारातून डोकावले. मॅडमनी चष्मा काढला. ‘चुकलं माझं.’

चुकलं म्हणे. ऐकून राग उतरला नाही, उलट रडू आलं, त्याचा आणखी राग!

ट्रस्टच्या वकिलाचा फोनवर निरोप — सही खरी आहे, कोऱ्या कागदावर घेतली याला पुरावा नाही. ना-हरकत नसेल तर करारानुसार एजन्सी सोडून एक वर्ष थांबावं लागेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

भाकरी करपली. तीच खाल्ली.

१० नोव्हेंबर, सोमवार

भावेशचा मेसेज. सतरा तारखेपासून बदली, डहाणूला. रुजू झाले नाही तर काम सोडलं असं धरणार.

संदीप म्हणाला, ‘जाऊ दे ना, वर्षभराचा तर प्रश्न आहे.’ नवरा म्हणून ऐकून घेतलं. नाही — खोटं कशाला लिहू — नाही ऐकून घेतलं. दोघंही उपाशी झोपणार आज.

वर्षभर घरी बसेन, पण एजन्सीच्या नावावर आता एक नळीसुद्धा भरणार नाही!

संध्याकाळी मॅडमचा फोन. ‘त्या वर्षी आम्ही तुला एकटीलाच मागितलं नव्हतं, जयश्री. चौघांना मागितलं होतं. चौघांचेही नकार आले. उद्या लवकर ये.’

११ नोव्हेंबर, मंगळवार

उरलेली तीन पत्रं टेबलावर मांडली. तोच मजकूर, तेच घरगुती कारण. शेवटचं फागीबायचं. खाली झोकदार सही, शेवटी लांब रेघ ओढलेली.

तिला आत बोलावलं. मॅडमनी कागद पुढे केला. ‘फागीबाय, ही सही तुमचीच का?’

तिनं कागद उलटासुलटा करून पाहिला. ‘माना सही कुठं येते, बाय? मी त अंगठा लावते.’

मॅडमनी तिच्यासमोरच वकिलाला फोन लावला.