मोरया मार्का साबण

१३ मे १९५६, रविवार. अक्षय्य तृतीया.
आज साबणाची मुहूर्ताची कढई चढवली. चढवली म्हणजे सौ.ने चढवली. मला कॉस्टिक सोड्याच्या वासानं ठसका लागतो. धंद्यात एकानं हात चालवावेत, एकानं डोकं, ही वाटणी पहिल्याच दिवशी झालेली बरी. डोकं माझ्याकडे.
बार्शीला दादांना पत्र टाकलं. दादा म्हणजे माझे थोरले बंधू उद्धवराव, किराणा दुकानाचे मालक. त्यांचा हुकूम असा की दसऱ्यापर्यंत पिंपरीत जम बसला तर राहा, नाहीतर गुमान परत ये आणि दुकानात गुळाच्या ढेपा फोड. पाच वर्षं फोडल्या. सौ.नेही तिथं जावेच्या हाताखाली पाच वर्षं काढली. ती बोलत काही नाही, पण बार्शीचं नाव निघालं की कढई जोरात ढवळते.
संकल्प : उद्यापासून रोज पहाटे पाचला उठणे.

१४ मे. सकाळी साडेआठ.
उठलो.

२० मे.
पुण्याला जाऊन लायब्ररीत एक इंग्रजी मासिक चाळलं. डोळे उघडले! साहेब लोक साबण विकतच नाहीत. मार्का विकतात. साबण काय, कोणीही करील.
चिंचवड हाकेच्या अंतरावर असताना गणपती सोडून दुसरा मार्का शोधणं म्हणजे करंटेपणा. ठरलं. मोरया मार्का. कागदावर चित्र छापून भागणार नाही, वडीवरच मूर्ती उठली पाहिजे.
सौ. म्हणाली, अहो, धुण्याच्या साबणावर देव कशाला? तिला म्हटलं, अंबू, हे पब्लिसिटीचं शास्त्र आहे, तुला त्यातलं कळायचं नाही. ती म्हणाली, बरं.

३ जून.
तांबट आळीतून पितळी ठसा आला. काय काम केलंय पठ्ठ्यानं! सोंड, मोदक, उंदीर. उंदराला मिशासुद्धा.
नियम केला : जिच्यावर सोंड नीट उठली नाही ती वडी बाद. दहांत चार बाद होतात, होऊ देत. क्वालिटी म्हणजे क्वालिटी. बाद वड्या आणि कडांचं कातरण फेकून दे, असं सौ.ला बजावलं. ती म्हणाली, बरं. आणि डब्यात भरून ठेवलं. बायकांना टाकवत नाही काही.

२३ जून, शनिवार. चाकणचा बाजार.
तीनशे वड्या! दुपारच्या आत! बायका वडी हातात घेत, क्षणभर बघत, कपाळाला लावत आणि पदराच्या टोकात बांधत. माल कपाळाला लावणारं गिऱ्हाईक कुठल्या साहेबाला मिळालंय?
परत येताना एसटीत उभा राहून आलो. बसायला जागा होती, पण बसवेना.

८ जुलै.
आळंदी झाली. रावेत झालं. रहाटणीत तर घरटी एक वडी गेली. लेटरहेड छापायला टाकलं : ज्योतीराम अँड कंपनी, प्रोप्रायटर ज्योतीराम. कंपनी म्हणजे कोण, असं सौ.ने विचारलं. म्हटलं, तसं लिहायची पद्धत असते.
मॅनेजर नेमावा का, या विचारात आहे.

२९ जुलै.
रिपीट ऑर्डर अजून नाही. कारण उघड आहे. पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून लोक धूतच नसणार.

८ ऑगस्ट.
श्रावण. लोक उपासतापासात. साबण सुचतो कोणाला?

१२ ऑगस्ट.
चाकणचा दुकानदार म्हणतो, पहिला माल गेला भर्रकन, आता कोणी नावच काढत नाही. माणूस आळशी आहे. गिऱ्हाईक पुढं होऊन बोलवावं लागतं.
घरी वेगळाच ताप. बबनराव म्हणून एक फिटर आहे इथल्या कंपनीत. तो शिफ्ट सुटली की आमच्या मागच्या दारी येतो आणि सौ.कडून ते बाद झालेले तुकडे नेतो. जुन्या वर्तमानपत्रात बांधून! म्हणतो, वहिनी, काय सांगू, मशीनचं ऑइल एका धुण्यात जातंय हो. आता तर त्याचे सोबतीही येतात. काल मागच्या दारी अकरा माणसं होती, पुढच्या दारी मी एकटा.
सौ.ला ताकीद दिली की हा माल आमचा आहे असं कुठं बोलायचं नाही. मार्क्याची अब्रू जाईल. ती म्हणाली, बरं.

१९ ऑगस्ट.
आज छडा लावला. आमच्या दूधवाल्या छबूबाई रहाटणीच्या. त्यांना सरळ विचारलं, दुसरी वडी का घेत नाही? म्हणाल्या, अवं, पयली हाय की अजून.
दीड महिना! एक वडी! ऊर भरून आला माझा. इतका टिकाऊ माल हिंदुस्थानात दुसरा नसेल. म्हटलं, रोज किती कपडे धुता?
तर म्हणाल्या, कापडं? त्येनं? गणपतीबाप्पाला धोंड्यावर घासायचं व्हय वो? पाप लागंल की! देव्हाऱ्यात ठिवलाय. रोज हळदकुकू वाहते, मंगळवारी दुर्वा. वास बी ग्वाड येतोय. समद्या आळीनं तसंच क्येलंय.
सौ. आत भांडी घासत होती, ती मुळीच हसली नाही. पण भांड्यांचा आवाज थांबला होता.

२० ऑगस्ट.
शांतपणे विचार केला. घराघरांतल्या देव्हाऱ्यात माझा माल पोचला आहे. याहून मोठी पब्लिसिटी कोणती? फक्त झिजण्याची अडचण आहे. ती गणेशोत्सवात सुटेल. लोक नवीन घेतील.

१० सप्टेंबर.
सुटली नाही. बसवायला मातीचे गणपती आणले लोकांनी. उलट चौघींनी विचारलं, दोन गणपती घरात चालतात का हो?

२१ सप्टेंबर.
विसर्जनाला पवनेच्या घाटावर गेलो होतो. जे पाहिलं ते लिहवत नाही, पण लिहितो.
लोकांनी मातीच्या गणपतीबरोबर माझेही गणपती पाण्यात सोडले. आरती करून, तोंडाला दहीपोहे लावून. सगळी रहाटणी, निम्मं चिंचवड. थोड्या वेळानं पायऱ्यांशी फेस यायला लागला. मग गुडघाभर फेस. एक म्हातारबा हात जोडून म्हणाले, नदीला दूध आलं रं! तिघे जण पाय घसरून आपटले. कोणीतरी ओरडलं, हा साबणवाला कोण हाय त्याला बघा! मी त्या वेळी लांब, वडाच्या मागे, निसर्ग पाहत होतो.
वाटेत छबूबाई भेटल्या. डोळे पुसत म्हणाल्या, लावला वाटंला बाप्पाला. म्हनलं, फुडल्या वर्षी लवकर या.
म्हणजे पुढची ऑर्डर पुढल्या वर्षी.

२३ सप्टेंबर.
दसऱ्याला तीन आठवडे. दादांचं कार्ड आलं : मी स्वतः येतो, सामान बांधून ठेवा. सौ.ने कार्ड दोनदा वाचलं आणि न जेवता झोपली. गुळाची ढेप डोळ्यापुढून हलेना.

३० सप्टेंबर. रविवार.
देव पावला! बबनराव बातमी घेऊन आला की कंपनीत कामगारांना हात धुवायला साबण द्यायचं ठरलंय, दर महिन्याला पोतीच्या पोती. स्टोअर्सचे नानासाहेब उद्या आमच्याकडे येणार. ही ऑर्डर मिळाली की बार्शी टळली.
बारा वड्या निवडल्या. बाराही उंदरांच्या मिशा स्पष्ट.
संकल्प : उद्या पाचला उठणे.

१ ऑक्टोबर.
नानासाहेब आठला आले. मी उठलो होतो, जवळजवळ.
वड्या पुढं मांडल्या. त्यांनी चपला काढल्या आणि नमस्कार केला. मला वाटलं, झालं काम! मग म्हणाले, अहो, आमच्या लोकांचे हात ग्रीसनं काळे. ते या मूर्तीला पुसायचे? आणि उरलेला तुकडा मोरीत जाणार. उद्या संप होईल हो माझ्याकडे.
मी मार्क्याचं शास्त्र सांगायला घेतलं. त्यांनी मधेच खिशातून एक पुडी काढली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वेडावाकडा, कोरा तुकडा. म्हणाले, बबनराव हा वापरतो, अख्खं शॉप वापरतं. हा हवाय आम्हाला. कोणाचा हा? बबनराव म्हणतो, तिथंच विचारा.
मी म्हटलं, असेल कोणातरी गावठी माणसाचा, आमच्यात असला माल होत नाही.
तेवढ्यात सौ. चहा घेऊन आली. कप खाली ठेवला आणि म्हणाली, आमचाच आहे.
चार महिन्यांत 'बरं' आणि दोन प्रश्न सोडून तिनं धंद्यात माझ्यासमोर काढलेला हा पहिला शब्द. नानासाहेबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

१० ऑक्टोबर.
ऑर्डर आली. पत्ता : सौ. अंबूबाई, साबणवाल्या. अट : माल सपाट आणि कोरा हवा. लेटरहेडची दोनशे पानं माझ्याकडे पडून आहेत, आणि तारेनं वड्यांच्या कडा कापायचं कामही आता माझ्याकडेच आलंय.
मी उत्तर लिहिलं की निदान कोपऱ्यात छोटा उंदीर चालेल का. टपालात टाकायला सौ.कडे दिलं. संध्याकाळी बबनरावाच्या हातात साबण होता, तो माझ्याच अक्षरात बांधलेला.

१३ ऑक्टोबर. खंडेनवमी.
आज हत्यारं पुजायची. सौ.ने कढई, साचा आणि वडी कापायची तार पुजली. पितळी ठसा देव्हाऱ्यात ठेवला. म्हटलं, उद्या काढून ठेव हं. म्हणाली, देव एकदा बसवला की त्याला कामाला लावू नये.
शास्त्राला धरून होतं.

१४ ऑक्टोबर. दसरा.
दादा सकाळच्या गाडीनं आले, सोबत दोन रिकाम्या ट्रंका, आमच्या सामानासाठी. मी ऑर्डरचं पत्र पुढं केलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, मागून पाहिलं, पुन्हा वाचलं. म्हणाले, ज्योतीराम, यात तुझं नाव कुठाय? म्हटलं, मी डोक्याची बाजू बघतो. मग त्यांनी मागच्या दारी लागलेली रांग पाहिली आणि सौ.ला म्हणाले, अंबूबाई, जम बसवलास गं. तू इथंच राहा. ट्रंका मी परत नेतो.
आणि पानसुपारी खाता खाता सहज विचारलं, याला मात्र घेऊन जाऊ का? दुकानात ढेपा फोडायला माणूस कमीच आहे.
सौ.ने ताटं उचलली. खरकटं काढलं. सगळीकडून पोतेरं फिरवलं. मग दाराआडून म्हणाली, राहू द्या. कडा सरळ कापतात.
ऐकून मला भरून आलं. अगदी खरं लिहितो, डोळ्यांत पाणी आलं. पण खोली आमची दहा बाय दहाची. तिला पोतेरं फिरवायला एवढा वेळ लागत नाही.