सोनेरी हेल्मेट

प्रिय इल्का,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर आपण दोघं मासे आणि थंडी यांच्यापुढे सरकत नाही, म्हणून कागद घेतला. शिवाय हल्ली मोबाइलच्या पडद्याकडे बघितलं की डोळे चुरचुरतात. चार ओळी लिहितो, डोळे मिटून पडतो, पुन्हा उठून लिहितो. अक्षर त्यामुळे कोंबडीच्या पायांसारखं आलंय, चालवून घे. तुझं तरी कुठे मोत्यांसारखं होतं!

बातमी तुझ्या तळ्याकाठच्या गावापर्यंत आलीच असेल. यंदा आपल्या आइस हॉकी संघाचं सोनेरी हेल्मेट, सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याचं, माझ्या डोक्यावर आहे. तू खेळत होतास तोवर सर्वांत जास्त गुण तुझेच, तेव्हा ते तुझ्याच डोक्यावर उगवलंय असं वाटायचं. मी आपला तुझ्या उजव्या हाताला, कोपऱ्यात घुसून, चार धक्के खाऊन चकती तुझ्यापर्यंत पोचवणारा हमाल. यंदा गुणांत पुढे असलेल्या ऑन्नीला स्वीडनच्या संघानं नेलं, आणखी दोघं गुडघे धरून बसले आणि यादीत वर राहिलो मी. प्रशिक्षक कालेनं सगळ्यांसमोर ते माझ्या हातात ठेवलं, तर पोरं म्हणाली, ‘‘घ्या काका, निवृत्तीची भेट समजा.’’ साइला म्हणाली, मोहरीच्या बाटलीचं झाकण घातल्यासारखं दिसतंय. बायको कधी कौतुक करेल तर शपथ. पण ती कामावर गेल्यावर मी ते घालून आरशासमोर उभा राहिलो. मला आनंद झाला, इल्का, या वयात शोभणार नाही इतका आनंद झाला.

त्या रंगाची दुसरी बाजू मात्र तू मला कधी नीट सांगितली नाहीस. आधी मला कुणी हुंगत नव्हतं, आता प्रत्येक गावचा बचावपटू सामना सुरू होण्याआधीच माझ्यावर डोळा ठेवून असतो. जानेवारीत किनाऱ्यावरच्या एका गावातल्या सामन्यात मी गोलच्या मागून चकती काढत होतो, मान खाली होती, आणि एक धिप्पाड गडी बाजूनं येऊन आदळला. मी उठलो, घसरत गेलो आणि बाकावर जाऊन बसलो. तो त्यांचा बाक होता. त्यांच्या पोरांनी सरकून जागा दिली, वर एकजण म्हणाला, ‘‘या काका, बसा निवांत. कॉफी सांगू?’’ अख्खं स्टेडियम हसलं. टीव्हीवर ते आठवडाभर दाखवत होते, तूही बघून हसला असशील. मीही हसलो. घरी मी कसा आलो, ते मात्र मला आजही आठवत नाही.

संघाची डॉक्टर पाउला, तिनं नियमाप्रमाणे मला परीक्षेला बसवलं. डोक्याला मार लागला की घेतात ती, तीच परीक्षा. शब्द ऐकायचे आणि परत सांगायचे, चित्र दिसलं की बटण दाबायचं, आणि हंगामाआधी सप्टेंबरात जितके गुण होते तितके पडले की बर्फावर जायला मोकळं. तू पहिल्या वर्षीच मला कोपऱ्यात घेऊन शिकवलं होतंस, ‘‘सप्टेंबरात जरा बावळट हो रे, म्हणजे जानेवारीत हुशार ठरशील.’’ आपण सगळेच व्हायचो. नव्या पोरांना ते आता शिकवावंही लागत नाही, येतानाच शिकून येतात. मी पास झालो. पाउलानं पाठ थोपटली आणि कालेनं दुसऱ्या दिवशी पहिल्याच फळीत उतरवलं.

तेव्हापासून घरात मी सौनात, त्या वाफेच्या खोलीत, दिवा न लावता बसतो. किराणा दुकानातले दिवे सोसत नाहीत, तर सामान साइला एकटी आणते. एकदा ती कॉफी ढवळत होती, त्या चमच्याच्या किणकिणाटावरून मी तिच्यावर असा ओरडलो की मलाच माझा आवाज ओळखू येईना. ती दुसऱ्या दिवसापासून लाकडी चमच्यानं ढवळते. तिला सगळं कळतं. पण तिनं विचारलं की मी ‘थकलोय’ म्हणतो, आणि ते खोटं नाही. मी फार थकलोय रे. बसचे ते लांबलचक प्रवास, ओल्या हातमोज्यांचा वास, सकाळी दोन्ही पाय पलंगावरून खाली टेकवायला लागणारी हिंमत, सगळ्याचाच कंटाळा आलाय.

मग सोडत का नाहीस, असं तू म्हणशील. तू सोडलंस. पाउलाच्या टेबलावर हेच हेल्मेट ठेवलंस आणि म्हणालास, ‘‘बाई, आत आता काही शिल्लक नाही.’’ आम्हाला वाटलं, गंमत करतोयस. तुझ्यात ती धमक होती, माझ्यात नाही. जन्मभर लोक तुझं नाव ओरडत होते आणि मी शेजारी उभा होतो. आता माझं नाव ओरडतात. सॉसेजवाली बाई माझ्यासाठी जास्तीची मोहरी राखून ठेवते. कितीतरी वर्षांनी गाव वसंतातल्या बाद फेरीला पोचलंय आणि दुकानांच्या काचांवर माझा फोटो लागलाय. तो काढून टाका म्हणायला जातो आणि दारातच सही देऊन परततो.

शनिवारी पहिला सामना आहे, म्हणून हे पत्र. या हंगामाआधीच्या सप्टेंबरातलं मी कुणालाच सांगितलेलं नाही, साइलालाही नाही. दरवर्षीसारखा बावळट व्हायला मी बसलो होतो. दोन-तीन शब्द मुद्दाम गाळायचे असं ठरवून आलो होतो. पाउलानं शब्द वाचले आणि म्हणाली, सांग. तेव्हा गाळण्यापुरतेही शब्द माझ्याकडे नव्हते. मी खरंच बावळट ठरलो, इल्का, आणि तो धक्का बसायच्या कितीतरी आधी. त्या आकड्याशी जुळवून ती मला बर्फावर सोडते आहे. तेव्हा तू तिला फोन कर. सांग की तो आकडा फेकून दे आणि माझे पूर्वीचे आकडे काढून बघ. शनिवारच्या आत कर. कळलं की मी भडकेन, तुला फोन करून गद्दार म्हणेन, तुझं तोंड बघणार नाही म्हणेन. ते मनावर घेऊ नकोस आणि मी कितीही विनवलं तरी शब्द मागे घेऊ नकोस. हे लिहितोय तो मी शुद्धीवर आहे. तो दुसरा कसा असेल, मला ठाऊक नाही.

तुझाच,
वेसा