एकतीस नंबरचा पेट्रोलवाला

ता. २ मे

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

आणि तू पुन्हा तेच काढलंस. चार ओळी खुशालीच्या आणि पुढं दीड पान मी कसा खोटारडा. मी नाही कुठं म्हणतोय? पण तू असं लिहितेस जसं मी कुणाचं घर फोडलं. फोनवर बाबा शेजारी बसलेले असतात, तिथं तू गोड बोलतेस आणि सगळी भडास पत्रात काढतेस. मग मीही पत्रातच बोलणार.

त्या दिवशी काय झालं ते तूच आठव. कारखान्यानं घरी बसवल्यापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असतात, दाढीसुद्धा करत नाहीत, हे तूच लिहिलं होतंस. फोनवर त्यांनी मला विचारलं, रेसचा ट्रॅक तुझ्याच गावात आहे तर आपली एकतीस नंबरची गाडी कधी दिसते का. आवाज असा खोल गेलेला की मला सोसवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, दिसते काय, तिच्यात पेट्रोल मीच भरतो. निघून गेलं ते गेलं. पण बाबा हसले. तूही ऐकलंस ते हसणं, उगीच नाही म्हणू नको.

आणि अगदीच खोटं नाही. मी लाँड्रीत आहे हे तुला ठाऊक आहे. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल आणि रेसच्या टीमांचे आगीपासून वाचवणारे पोशाख. एकतीस नंबरच्या पोरांचे पोशाख दर शर्यतीनंतर आमच्याकडेच येतात. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला ज्याच्या त्याच्या कामाची चिठ्ठी शिवलेली असते. पेट्रोलवाल्याचा पोशाख मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. माणूस मी नाही, पण त्याचा घाम मीच काढतो.

टीव्हीवर तो दिसतो तेव्हा तोंडावर कापडी टोपडं, वर हेल्मेट, पुढं काळी काच. आत कोण आहे हे त्याच्या बायकोलाही कळायचं नाही. तेव्हा घाबरू नको. जूनमध्ये चोवीस तासांची मोठी शर्यत आहे, तेवढी बाबांना सुखानं बघू दे. ती झाली की मी स्वतः सांगतो. शपथ घालू नको, सांगतो म्हटलं ना.

जेवण ठीक. पाठ दुखते. इथं एका जागी मन लागत नाही, पण एकतीस नंबर आहे म्हणून टिकलोय. राग धुऊन टाक आणि लिहीत जा.

तुझा,
भिंगरी

ता. १७ मे

चि. भिंगरीस,
ताईचे आशीर्वाद, आणि पत्रातून देता आली असती तर एक चापट.

तुझ्या पत्रातला माझ्यापुरता भाग मी माझ्याकडे ठेवला आणि बाबांना वाचून दाखवायचा तेवढा दाखवला. म्हणजे पाठदुखी आणि जेवण. मला तू वाचनातसुद्धा चोर करून ठेवलंयस.

पण खरं सांगते, घरात फरक पडलाय. बाबा रोज दाढी करतात. न्हाव्याकडे जाऊन बसतात आणि गल्लीभर सांगून येतात की मोठ्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांत आपली एकतीस एकटी वर्कशॉपवाली, हातानं घडवलेली, वीस वर्षांत एकदाही पहिल्या तिनात नाही, आणि आता तिला माझा मुलगा पाजतो. पाजतो हा त्यांचाच शब्द. कारखान्यातले जुने सोबती शर्यत बघायला आपल्याकडे येतात. सहा तासांची झाली ना मागच्या आठवड्यात, तेव्हा चौदा कप चहा झाला आणि कप धुवायला मी एकटी.

त्यात गाडी पेट्रोलला आली तेव्हा बाबांनी उठून टीव्हीच्या काचेवरच बोट ठेवलं. म्हणे, डावा खांदा वर करून चालतो बघा, आपलाच तो. तुझा डावा खांदा कधी वर होता मला आठवत नाही. पण ते इतक्या खात्रीनं म्हणाले की आता मलाच वाटायला लागलंय असेल म्हणून.

आणखी एक. तो माणूस सारखा मानेशी हात नेत होता. बाबांच्या लगेच लक्षात आलं की पोराला कॉलर टोचतेय. शर्यत संपेपर्यंत तेच. मला म्हणाले, त्याला कळव, तुझी आई माझे कामाचे कपडे शेवटच्या पाण्यातून काढताना कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी झाकणभर घालायची, म्हणून बत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलो पण मान कधी सोलली नाही. तीन दिवस विचारत होते कळवलंस का. घे, कळवलं.

जून झाला की सांगायचं आहे, विसरू नको. मी तारीख लिहून ठेवलीय. तब्येत जप, पाठीला शेक दे.

तुझीच,
ताई

ता. ५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं, चापटही पोचली.

बाबांना सांग, कॉलरचं काम झालं. आणि या वेळी हे खरंखुरं सांग, यात काही लपवायचं नाही. मी बघितलं तर कॉलर खरंच पत्र्यासारखी. बाबांची नजर म्हणजे नजर, हजार कोसांवरून टीव्हीत बघून कळलं त्यांना. आमच्याकडे ते मऊ करायचं पाणी निळ्या बाटलीत असतं. पण मुकादम असला चिक्कू, की ते फक्त हॉटेलच्या टॉवेलांना. रेसच्या पोशाखांना थेंबही घालायचा नाही म्हणून पहिल्याच दिवशी दोनदा बजावलंय. भिंतीवर पाटीसुद्धा लावलीय, पण ती इथल्या भाषेत, आणि मी आपल्या भाषेतलीच पाटी धड वाचत नाही.

काल तो जेवायला गेला तेव्हा मी पेट्रोलवाल्याचा पोशाख एकटाच लहान मशिनीत टाकला आणि शेवटच्या पाण्यात झाकणभर नाही, तीन झाकणं घातली. वर कॉलरला वेगळं हातानं चोळलं. बाकीच्यांचे पोशाख आपले नेहमीसारखे, दुसऱ्या पाळीतल्या पोरानं धुतले. सगळ्यांचे लाड मी कुठं करू? आपला माणूस तो एकच.

वाळल्यावर मशिनीच्या मागं जाऊन अंगात घालून बघितला. हसू नको. बाह्या जरा लांब होतात, बाकी बरोब्बर. मऊ म्हणजे असा, आईच्या जुन्या पदरासारखा. त्यातून बाहेर यावंसं वाटेना. डावा खांदा वर करून चार पावलं चाललोसुद्धा.

शर्यत चौदा-पंधराला. मी गवताच्या उतारावरचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढलंय, तिथून वळण दिसतं, पेट्रोल भरायची जागा दिसत नाही. या वर्षी गाडी चांगली पळतेय, सगळे म्हणतात. शर्यत झाली की सोमवारी फोन करीन आणि बाबांना खरं सांगीन. आता भीती वाटत नाही.

माया पातळ करू नको.

तुझा,
भिंगरी

ता. १९ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

इथं जे झालं ते तुला सांगायलाच हवं.

बाबा शनिवारपासून खुर्चीतून हलले नव्हते. सोबती पाळीपाळीनं घरी जाऊन झोपून आले, हे नाही. अठरा तास झाले आणि एकतीस नंबर तिसरी. वीस वर्षांत पहिल्यांदा. न्हावी दुकान बंद ठेवून आला होता. बाबा एकेक फेरी वहीत लिहीत होते आणि कुणी बोललं तर हात वर करून गप्प करत होते.

एकोणिसाव्या तासाला गाडी पेट्रोलला आली. नळी लागली, आणि मग काय झालं मला कळलं नाही, नुसता जाळ. तो माणूस दोन्ही हात मानेशी धरून पळाला. टीव्हीवाल्यांनी ते तीनदा दाखवलं.

बाबा ओरडले नाहीत. उभे राहिले आणि मला म्हणाले, माझे बूट आण. तुझ्याकडे यायला निघाले होते. मी तिथल्या तिथं, सगळ्यांच्या देखत सांगितलं की बाबा, तो आपला नाही, आपला लाँड्रीत कपडे धुतो, त्यानं थाप मारली होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुझी आईही मला धीर द्यायला असंच खोटं बोलायची. आता काय करशील? इतके दिवस खोटं धरून ठेवलं, आणि खरं सांगितलं तर त्यालाच कुणी उभं करेना.

तू सोमवारी फोन केलास तर म्हणतात, दुखतंय त्याला, आवाज दाबून बोलतोय. तुझा आवाज खरंच बसलेला होता. का, ते मला कळव. तुझं कॉलरचं पत्र शर्यत झाल्यावर पोचलं, ते बाबांना वाचून दाखवलेलं नाही.

बूट घालून दाराशी बसलेले असतात. जेवण दोन घास. सोबत्यांनी, न्हाव्यानं, शेजारपाजाऱ्यांनी तुझ्या दवाखान्यासाठी पैसे जमवले. मी नको नको म्हणत राहिले, बाबांनी दाराशी बसून घेतले. स्वतःची मोजमापाच्या हत्यारांची पेटी साडेचार हजारांना विकली, ती जी आपल्याला हात लावू देत नव्हते. सगळे मिळून अठरा हजार तीनशे चाळीस. पाठवले नाहीत तर रोज विचारतील, म्हणून पाठवलेत. लोकांना कोणत्या तोंडानं परत करायचे ते तू बघ. तुझं तू निस्तर.

तू धडधाकट आहेस एवढं एकच बरं आहे, आणि घरात ते फक्त मला माहीत आहे.

ताई

ता. ३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पैसे पोचले. पण ते आता माझ्याकडे नाहीत. का नाहीत ते सगळं सांगतो, आधी बसून घे.

मी उतारावर होतो. मला नुसता धूर दिसला. भोंग्यावर एकतीस नंबर ऐकलं तेव्हा सगळ्यांसारखं मलाही वाटलं, गेली आपली शर्यत. एवढंच वाटलं, ताई. माणसाचा विचार नंतर आला.

सोमवारी मुकादमानं विचारलं पेट्रोलवाल्याचा पोशाख कुणी धुतला. मी म्हटलं मी. त्यानं निळी बाटली उचलून उजेडात धरली, किती उरलंय ते बघितलं आणि खाली बसला. ते पाणी कापडावर तेलकट थर ठेवतं. तो थर पेटतो. म्हणून पाटी होती. तो चिक्कू नव्हता. मला म्हणाला, तोंड उघडू नको, लाँड्री बंद पडेल, चाळीस जणांची पोटं आहेत. त्याच दिवशी मी फोन केला होता. आवाज का बसला ते हे. खरं सांगायला फोन केला होता, पण जे सांगायचं होतं ते आता फार लहान झालं होतं.

आग माझ्यामुळं लागली नाही. नळी अडकली आणि पेट्रोल गाडीच्या तापलेल्या धुरांड्यावर उडालं. पण शेजारच्या चाकवाल्याच्या अंगावरही तेवढंच उडालं होतं. त्याचा पोशाख क्षणभर पेटला आणि विझला, बोटांना फोड आले फक्त. पेट्रोलवाल्याचा विझेना. मान, हनुवटी आणि विझवायला नेलेले दोन्ही हात. कॉलर, ताई. जी मी चोळली होती.

चार दिवस गप्प राहिलो. मग दवाखान्यात गेलो. बाहेर बाकावर त्याचा बाप बसला होता. गवंडीकाम करतो, बोटांना चिरा. पोराचे बूट मांडीवर घेऊन बसला होता. मी मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं, मी लाँड्रीतला, त्याचे कपडे मीच धुतो. पुढचं सांगणार तर त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, शर्यतीच्या आधी पोरगा फोनवर खूश होता, या वेळी पहिल्यांदा कॉलर टोचत नाही म्हणाला. म्हणजे ते तू केलंस, तुझे उपकार.

मी तसाच माघारी आलो. तुझे पैसे आले त्या दिवशी पुन्हा गेलो आणि सगळेच्या सगळे त्याच्या हातात ठेवले. एकतीस नंबरच्या पेट्रोलवाल्यासाठी जमवलेले, ते त्याचेच. कुणी पाठवले विचारलं. एका म्हाताऱ्यानं, म्हटलं, तोही तुमच्यासारखा दाराशी बसलाय.

तिथून सरळ टीमच्या वर्कशॉपमध्ये गेलो आणि मॅनेजरला निळ्या बाटलीचं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. ओरडला असता तर बरं झालं असतं. मागं आपली गाडी उभी होती, ताडपत्री घातलेली. इतक्या जवळ मी पहिल्यांदा गेलो. या वर्षी ती पुन्हा पळणार नाही. लाँड्रीनं मला काढलं. चौकशी होईपर्यंत गाव सोडायचं नाही असं कागदावर लिहून घेतलंय. गवंडीबाबांना अजून सांगितलेलं नाही. उद्या जातो. गेले सहा दिवस उद्या जातो म्हणतोय. पोरगा जगेल म्हणतात डॉक्टर. हातांचं काही सांगत नाहीत.

आता तुझं काम. हे पत्र बाबांना पूर्ण वाचून दाखव. थाप, लाँड्री, निळी बाटली, सगळं. चौकशीचं आणि सहीचंही वाच, मग त्यांचा विश्वास बसेल. स्वतःवर एवढं ओढून घेणारं खोटं कुणी धीर द्यायला बोलत नाही. फक्त एक गाळ. आई शेवटच्या पाण्यात काय घालायची, ते त्यांनी मला कळवायला सांगितलं होतं, ते गाळ. ते माझ्याच डोक्यातून निघालं, असं म्हण. त्यांना आठवेल, त्यांना सगळं आठवतं. विचारतील, मी सांगितलेलं तू त्याला कळवलं होतंस ना. तेव्हा म्हण, राहून गेलं होतं. तोंडाकडे न बघता म्हण, तुला बघून जमणार नाही. खोटं बोल म्हणून मी तुला कधी सांगितलं नव्हतं, तू आपण होऊन गप्प राहायचीस. आज सांगतोय. आणि मे महिन्यातलं तुझं पत्र मी फाडून टाकलंय.

लोकांचे पैसे मी फेडीन, महिन्याला थोडे थोडे, कुणाचे किती ते लिहून पाठव. पण आधी बाबांची पेटी सोडवून आण. घेणाऱ्याच्या हातापाया पड. हे ऐकल्यावर त्यांच्या हातात काहीतरी असायला हवं. कमी पडतील तेवढ्याला मुदत माग.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. दार मात्र लावू नकोस.

तुझा,
भिंगरी

ता. क. लाँड्रीनं शेवटच्या पगारातून कापून जे हातात दिलं ते सगळं पाठवतोय. चार हजार तीनशे साठ.