मला न आवडलेली चित्रं

प्रिय भिंगरी,

तुझं पाकीट मिळालं. एका कोपऱ्यात फाटलेलं होतं, म्हणून काही पडलं तर नाही ना या काळजीने पोस्टमनला दारातच थांबवून उघडून पाहिलं. सगळं धड होतं, पोस्टमन वैतागला. माझा खोकला तसाच आहे. गॅस बंद करूनच झोपतो, तू विचारायच्या आधीच सांगतो.

आईच्या चित्रांवरच्या पुस्तकासाठी तू माझ्याकडून एक पान मागितलंस, आणि त्याच्या पहिल्याच ओळीवर लाल रेघ मारून ते परत पाठवलंस. 'मला हे चित्र आवडत नाही' ही ती ओळ. शेजारी लिहिलंस, बाबा, हे नको, लोकांचा गैरसमज होईल. होऊ दे. ओळ राहील. काढायचीच असेल तर माझं अख्खं पान काढ, मला राग येणार नाही. म्हणजे येईल, पण त्याचं मी बघून घेईन.

सोबत पाठवलेले बाकीच्यांचे लेख वाचले. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला जड गेले, पण वाचले. चित्र एकच, मी लिहिलं तेच: टेबलावर दोन कप, आणि स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरा माणूस. प्राध्यापक म्हणतात, तो घर सोडून निघालाय. त्या तरुण लेखिकेला वाटतं, तो जातोय म्हणून घरातल्या बाईने सुटकेचा श्वास टाकलाय. तिसरे म्हणतात, तो माणूस नव्हेच, मरण आहे. तो मी आहे हे तुला ठाऊकच आहे. मरण म्हणून मी पहिल्यांदाच कुणाला दिसलो. पण माझं त्यांच्याशी भांडण नाही. लेखिकेने एका कपाच्या कडेवरच्या पिवळ्या रंगाबद्दल लिहिलंय, ते वाचून मी उठून पाहिलं. खरंच आहे. इतकी वर्षं समोर बसून जेवलो, कधी दिसला नव्हता. तिला माझा नमस्कार सांग. तो सुटकेचा श्वासही अगदीच खोटा नसावा. मी सायकलच्या दुकानात गेलो की मगच तुझी आई रंग बाहेर काढायची.

पण त्या सगळ्यांना चित्र आवडलं, मला नाही. कुणीतरी मागून ओरडणार म्हणून आधीच आखडून घ्यावी, तशी माझी मान काढलीय तिने. तेव्हाच तोंडावर सांगितलं होतं. तिने अबोला धरला. मग एका सकाळी हातोडी घेऊन आली आणि माझ्या जेवायच्या खुर्चीसमोर चित्र टांगलं. तिची रीतच होती ती. मला जे पाहताक्षणी आवडे, ते ती कुणालाही देऊन टाकायची, कधी शेजारणीला, कधी दवाखान्यातल्या नर्सबाईंना. म्हणायची, "तुम्हाला लगेच आवडलं म्हणजे त्यात काही दम नाही." जे नावडे, ते माझ्या समोरच्या भिंतीवर. मी हट्टाने ताटात बघून जेवायचो, आणि ती मी मान कधी वर करतो याची वाट बघायची. तुला वाटायचं आम्ही भांडतोय. भांडतच होतो.

आता तूच बघ. घरात जी चित्रं उरली, ज्यांच्यावर तुझं पुस्तक उभं राहतंय, ती सगळी मला न आवडलेली आहेत. माझी नावड पुसून त्यांचं कौतुक छापणं म्हणजे खिळे उपटून चित्रं टांगणं.

पाकिटाच्या तळाशी पुठ्ठ्यात गुंडाळलेलं तुझं छोटं चित्र होतं. आई गेल्यापासून तू दुसऱ्यांच्या चित्रांवर लिहितेस, स्वतः ब्रश धरला नव्हतास. चिठ्ठीत एवढंच, बाबा, कसं वाटलं? उत्तर द्यायला उशीर केला, कारण माझ्या बोलण्याने तू पुन्हा ब्रश ठेवशील अशी धास्ती वाटत होती. अजूनही वाटते. तरी सांगतो, मला आवडलं नाही. खिडकी कोरडी आहे, आणि बाहेरचं झाड कुणाची तरी परवानगी घेऊन काढल्यासारखं वाटतं. प्राध्यापकांना दाखव, ते वेगळं सांगतील, त्यांचंही ऐक. आईचं चित्र मी जरा बाजूला सरकवलंय आणि माझ्या खुर्चीसमोर नवा खिळा ठोकलाय. ठोकताना अंगठा चेचला, काळजीचं काही नाही. आज तुझ्या त्या झाडाकडे बघत जेवलो.

तुझाच,
मान आखडलेला बाबा