छातीचे जुने फोटो

निपाणी,
दि. ११ जानेवारी २०२६

चि. नागेंद्रास मंगलआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर मला आता नुसती घरघर ऐकू येते, आणि कानातलं मशीन लावलं की ते शिट्ट्या मारतं. शिवाय घरातला फोन कायम तुझ्या दाजींच्या खिशात असतो, आणि ही गोष्ट त्यांना एवढ्यात कळायला नको.

दिवाळीपासून त्यांचा खोकला हटत नव्हता. शेवटी दिपालीनं हट्टानं मिरजेला नेलं. तिथं छातीचं स्कॅन काढलं, तर उजव्या फुप्फुसात चौदा मिलिमीटरची गाठ दिसली. यांना बाहेर बसवून डॉक्टरांनी आम्हा मायलेकींना विचारलं, की घराजवळ तंबाखूची वखार आहे का. तीस वर्षं आपली भिंत वखारीला लागून आहे, हे मी सांगितलं. मग ते म्हणाले, की तीन-चार वर्षांपूर्वीचं एखादं स्कॅन असेल तर शोधा. गाठ तेव्हाही एवढीच असेल तर ती निरुपद्रवी आहे, तिला हातही लावायचा नाही. तेव्हा नसेल, तर मात्र कापावी लागेल, आणि लवकर.

मला एकदम आठवलं. फेब्रुवारी तेवीसला शाळेच्या पोरींना घेऊन संकेश्वरला कबड्डीच्या सामन्यांना जाताना हे गाडीवरून पडले होते. तूच त्यांना तुमच्या सेंटरात नेऊन स्कॅन काढलं होतंस. रिपोर्ट कपाटात सापडला, पण त्यात नुसतं दोन बरगड्यांचं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, रिपोर्टाचा उपयोग नाही, आतले फोटो हवेत. तुम्ही तेव्हा सीडी दिली नव्हती, मोबाईलवर काहीतरी पाठवलं होतं. दिपालीनं ते उघडून पाहिलं, तर कोरं पान येतंय.

तर बाबा, सेंटरातलं कॉम्प्युटरचं सगळं तूच बघतोस. ते फोटो काढून पाठव. हे अजून रोज संध्याकाळी ग्राउंडवर जातात. रिटायर झाले तरी पोरींबरोबर एका दमात कबड्डी कबड्डी म्हणतात, आणि एखादीचा दम आधी तुटला की घरी येऊन मला सांगतात. आता मी ते ऐकत त्यांचा मधला खोकला मोजत बसते.

नीलमला सांग, येताना कुंदा आणू नका, दाजींना साखर आहे. माझ्यापुरता आणला तर चालेल. साईराजला आशीर्वाद. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
आक्का

*

बेळगाव,
दि. १६ जानेवारी २०२६

ती. सौ. आक्कास नागेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून काळजी वाटली. पण तू धीर सोडू नकोस, दाजी लई काटक आहेत.

फोटोंचं असं झालंय, की आमचा सर्व्हर बिघडलाय. बेंगळूरहून इंजिनिअर यायचा आहे, आठ-दहा दिवस लागतील. सध्या या धंद्यात फार वाईट दिवस आहेत, आक्का. गेल्या वर्षी सतरा हजारांना मिळणारी डिस्क आज बेचाळीसला आहे, आणि तीही आगाऊ पैसे भरून दोन महिन्यांनी. खडेबाजारातला दुकानदार सांगतो, की परदेशातल्या मोठ्या कंपन्यांनी कारखान्यातूनच सगळा माल उचललाय. जो उरतो, तो जहाजांच्या घोळात अडकतो. आमच्या मालकांनी तीनदा दरपत्रक मागवलं आणि तिन्ही वेळा ड्रॉवरमध्ये टाकलं. भाव उतरू दे, म्हणतात. स्कॅन काढायला माणसं तर रोज येतात. ते ठेवायचे कुठं, हे मला विचारतात.

असो. तुला यातलं काय करायचंय? फोटो कुठं जात नाहीत. मिळाले की स्वतः घेऊन येतो, आणि कुंदाही आणतो, तुझ्यापुरता. दाजींना नमस्कार. आशीर्वाद असू द्यावा.

तुझा,
नागेंद्र

*

निपाणी,
दि. २ फेब्रुवारी २०२६

चि. नागेंद्रास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सतरा दिवस झाले. तुझा इंजिनिअर बेंगळूरहून चालत येतोय काय? दिपालीनं तुला चार वेळा फोन केला. तू तीनदा उचलला नाहीस, आणि चौथ्यांदा मीटिंगमध्ये आहे म्हणालास.

गाठ अशा जागी आहे, की सुई पोचत नाही. नवीन एक तपासणी केली, तिच्यातही धड हो नाही आणि धड नाही. डॉक्टर म्हणाले, जुने फोटो असते तर मी तुम्हाला आजच घरी पाठवलं असतं, पण नसताना थांबण्याची जोखीम मी घेणार नाही. ऑपरेशन नऊ तारखेला ठरलंय. फुप्फुसाचा खालचा भाग काढणार आहेत.

यांना आता सगळं सांगितलंय. ऐकून घेतलं आणि म्हणाले, की नागेंद्र आहे न्हवं तिथं, तो शोधल्याबिगर राहायचा न्हाय. तुझ्यावर त्यांचा एवढा भरवसा आहे. आठवड्यात काही होत असेल तर कर.

आक्का

*

बेळगाव,
दि. ५ फेब्रुवारी २०२६

ती. सौ. आक्कास शि. सा. न. वि. वि.

फोटो मिळाले नाहीत. पुष्कळ प्रयत्न केले. डिस्क कायमची गेली, असं इंजिनिअर म्हणाला. माझा इलाज चालला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी यायचं मनात होतं, पण रजा मिळत नाही. नीलम येईल. मिरजेचे डॉक्टर नावाजलेले आहेत, सगळं नीट होईल. मला क्षमा कर.

नागेंद्र

*

निपाणी,
दि. २९ मार्च २०२६

चि. नागेंद्रास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू काही दवाखान्यात आला नाहीस. नीलमनं मात्र सहा दिवस माझ्याबरोबर काढले, तिचे उपकार मी विसरणार नाही.

गाठ कॅन्सरची नव्हती. पूर्वी कधीतरी छातीत काही होऊन आपोआप बरं झालं असेल, त्याचा तो भरलेला वण होता. आठ-दहा वर्षांचा तरी असावा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे तेवीसच्या फोटोत तो असणारच. दिपालीनं वॉर्डात पेढे वाटले. मीही एक खाल्ला, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

कारण जखम चिघळली. एकवीस दिवस छातीत नळी होती, पाणी काढायला दोनदा पुन्हा आत नेलं. आता घरी आणलंय. पलंगापासून मोरीपर्यंत जाताना मध्ये खुर्ची ठेवावी लागते. बोलताना अर्ध्या वाक्याला थांबतात, आणि उरलेलं वाक्य मग सोडूनच देतात. परवा पोरी भेटायला आल्या. त्यांची कप्तान सूचना घ्यायला वही घेऊन बसली होती. हे चार शब्द बोलले, हातानं खूण केली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. पोरींना काय करावं कळेना. चहा न पिताच गेल्या.

तुला दोष देत नाही. यंत्र बिघडलं, त्याला तू काय करणार? पण एकदा येऊन जा. ते तुझी वाट बघतात. विम्यासाठी जुन्या बिलाची नक्कल हवी आहे, म्हणून पुढच्या आठवड्यात दिपाली तुमच्या सेंटरात येईल. तिला जेवायला घाल. माया कमी करू नकोस.

आक्का

*

निपाणी,
दि. १२ एप्रिल २०२६

श्री. नागेंद्र यांस,

दिपाली गुरुवारी सेंटरात गेली होती. तू नव्हतास. काउंटरवरच्या सौम्या नावाच्या मुलीनं तिला बिलाची नक्कल दिली. दिपालीनं सहज विचारलं, की सर्व्हर दुरुस्त झाला का. ती मुलगी म्हणाली, की सर्व्हरला काहीच झालं नव्हतं. चोवीस सालाच्या आधीची सगळी स्कॅन डिसेंबरात पुसून टाकली, जागा नव्हती म्हणून. नागेंद्र सरांनीच तीन दिवस बसून काम केलं, असंही ती कौतुकानं म्हणाली.

हे खरं आहे का, एवढंच लिही.

मंगल मारुतीराव

*

बेळगाव,
दि. १६ एप्रिल २०२६

ती. आक्का,

खरं आहे.

डिसेंबरात नवीन स्कॅन ठेवायला जागा उरली नव्हती. नकला ज्या डिस्कवर होत्या, ती आधीच बंद पडली होती. मालकांना म्हटलं, की दोन डिस्क तरी घ्याव्याच लागतील. ते म्हणाले, दोन डिस्कच्या पैशात नर्सचा सहा महिन्यांचा पगार निघतो, जुनं काढून टाका, जुनं बघायला कोण येतंय. मी लोकांना आधी कळवूया म्हणालो. ते म्हणाले, कळवलं तर रांग लागेल. मी जास्त बोललो नाही. साईराजची इंजिनिअरिंगची फी त्याच आठवड्यात भरायची होती, पण ते कारण म्हणून सांगत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा त्यात फेब्रुवारी तेवीस वाचताच मला कळलं होतं. मालकांना विचारलं, काय सांगू. सर्व्हर बिघडला म्हणा, म्हणाले. तेच मी तुला लिहिलं. कुणी इंजिनिअर यायचा नव्हता. तू सतरा दिवस वाट बघितलीस, ते सतराही दिवस मी रोज ऑफिसात जाऊन नवीन स्कॅन त्या मोकळ्या जागेत भरत होतो.

अजून एक गोष्ट आहे. ती कुणाकडूनही कळण्याआधी मीच सांगतो. मालकांच्या ओळखीच्या चाळीस लोकांची स्कॅन ठेवायला सांगितली होती, ती ठेवली. मग मला वाटलं, आपलीही एखाद-दोन ठेवावीत. नीलमच्या वडिलांचं, माझ्या सासऱ्यांचं, मी पेनड्राइव्हवर उतरून घेतलं. पेनड्राइव्हवर जागा होती, आक्का. दाजींचं माझ्या ध्यानातच आलं नाही. बरगड्या बऱ्या झाल्या होत्या, म्हणून असेल. नाव डोळ्यांसमोरून गेलं असणार, कारण यादी मीच वरपासून खालपर्यंत वाचली होती.

दवाखान्यात रजेमुळे आलो नाही, असं नाही. दाजींनी माझा हात धरला असता, म्हणून आलो नाही.

तू काय म्हणशील ते मान्य. ग्राहक मंचात गेलीस तर मी मालकांविरुद्ध आणि माझ्याविरुद्धही लिहून देईन.

नागेंद्र

*

निपाणी,
दि. २७ एप्रिल २०२६

नागेंद्र,

तुझं पत्र मी यांना दाखवणार नव्हते. पण त्यांनी मागितलं, आणि तुझ्यासारखं खोटं बोलायला मला जमलं नाही. दोनदा वाचलं. पेनड्राइव्हच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. दिपाली वकिलाकडे जायला निघाली होती. मीही निघाले असते.

तुला शिव्या देतील असं मला वाटलं होतं. द्याव्यात, अशी इच्छाही होती. त्याऐवजी त्यांनी तुला एकच विचारायला सांगितलंय. ते सांगायलाही त्यांना चार वेळा थांबावं लागलं, म्हणून नीट वाच. ते विचारतात, की बाकीच्यांचं काय. ज्यांना पुन्हा तपासायला सांगितलंय, ती माणसं आपले जुने फोटो तुमच्याकडं आहेत म्हणून निवांत बसली असतील. त्यांना कुणी सांगितलंय का? नसेल, तर ते तू सांगायचं. वकील, मंच, त्याचं आम्ही नंतर बघू, असं म्हणाले.

हे त्यांचं झालं. माझं वेगळं आहे. मी तुला माफ केलेलं नाही, आणि पुढं करीन असंही वाटत नाही. आई गेल्यावर तुला मी वाढवलंय, आणि यादी वाचताना तुला माझ्या नवऱ्याचं नाव दिसलं नाही. हे काम पुरं झाल्याशिवाय आमच्या दारात येऊ नकोस. नीलमनं कधीही यावं.

मंगल

*

बेळगाव,
दि. २० मे २०२६

श्रीमती जयाबाई, मु. जांबोटी, यांस बेळगावहून नागेंद्रचा नमस्कार. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेत असाल, तर त्यांनाही नमस्कार, आणि त्यांनी सावकाश वाचावं अशी विनंती.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये तुम्ही बेळगावात पोटाचं स्कॅन काढलं होतं. तुमच्या रिपोर्टाच्या शेवटी लिहिलंय, की यकृतावर छोटा डाग आहे, पुन्हा स्कॅन काढून जुन्या फोटोंशी ताडून पाहावं. ते जुने फोटो आता कुठंही नाहीत. सेंटरात डिस्क महाग झाल्या, म्हणून ते गेल्या डिसेंबरात पुसले. हुकूम मालकांचा होता, पण पुसणारा मी आहे. तुम्हाला कुणी विचारलं नाही, कळवलंही नाही. मी आता तिथं कामाला नाही.

घाबरू नका. डागाचं माप रिपोर्टात लिहिलेलं आहे. रिपोर्ट पुसले नव्हते; सेंटर सोडण्याआधी काढून घेतलेली तुमच्या रिपोर्टाची प्रत सोबत जोडली आहे, ती जपून ठेवा. आता कुठल्याही डॉक्टरांकडे जाल, तेव्हा ती प्रत आणि हे पत्र दोन्ही दाखवा, म्हणजे फोटोंची वाट बघण्यात त्यांचे दिवस जाणार नाहीत. माझ्या घरात एका माणसाचे असे दिवस गेले. नंतर जे झालं, त्यात त्याचं अर्धं फुप्फुस गेलं, आणि ते काढायची गरजच नव्हती.

अशी एकशे बेचाळीस माणसं आहेत. तुमचं नाव एकतिसावं आहे. काहींचे फोन लागतात. ते शिव्या देतात, मी ऐकून घेतो. तुमचा नंबर बंद आहे आणि हे पत्र पोचेलच असं नाही, म्हणून येत्या रविवारी मी स्वतः जांबोटीला येतोय. सकाळची बस चुकली, तर खानापूरहून मिळेल त्या गाडीनं येईन.

लोभ असावा, असं लिहायचा मला हक्क नाही. मला घरात घ्या, असंही म्हणत नाही. दारात उभा राहीन, तेवढं ऐकून घ्या.

आपला,
नागेंद्र