मागच्या तारखेला नेलेला कॉम्प्युटर

अमळनेर, गुरुवार

प्रिय अक्का,

फोन असताना चिठ्ठी कशाला, असं वाटेल तुला. शेजारची भूमिका रोज एसटीने धुळ्याला कामाला जाते, तिच्या हाती देतेय. फोनवर बोलताना हितेंद्र शेजारीच बसलेले असतात, मग मी तुला नुसतं लोणच्याचं सांगत बसते. लोणचं छान मुरलंय म्हणा.

नाशिकच्या ऑफिसचं काम सुटलं ते तुला माहीतच आहे. ऐकून मराठीत उतरवायचं काम, किती आवडायचं मला! कानाला हेडफोन लावला की कुठकुठल्या माणसांच्या मुलाखती. त्यासाठी त्यांचं एक सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरमध्ये टाकावं लागायचं. काही दिवस नीट चालायचं आणि एखाद्या सकाळी नाहीसंच झालेलं असायचं. माझ्या फाइली जागेवर, सॉफ्टवेअर गायब. पुन्हा टाकलं की पुन्हा तेच. ह्यांचं दुकानच कॉम्प्युटर दुरुस्तीचं, म्हणून ह्यांनाच विचारायचे. हे डोक्यावरून हात फिरवत म्हणायचे, "तुझ्याकडून काहीतरी भलतंच दाबलं जातं गं. नाही जमत तर राहू दे ना." कधी आवाज चढला नाही त्यांचा. सासूबाई आतून म्हणायच्या, "घरमा बठ्ठं शे, मंग तुले कसाले जोयजे ते काम?" घरात सगळं असताना काम कशाला, हेच त्यांचं पालुपद.

मी स्वतःला वेंधळी समजायला लागले, अक्का. गॅस बंद केला की नाही, पुन्हा पुन्हा जाऊन बघायचे. स्कूटी विकली तीही मीच नको म्हणाले म्हणून. सगळे तसंच सांगतात, आणि आता मलाही तसंच आठवतं.

परवा प्रिंटर चालेना. हे जळगावला माल आणायला गेले होते. मी व्हिडिओ लावून बघितला. त्यात सांगितलं, कॉम्प्युटर मागच्या तारखेला नेता येतो. सगळं सुरळीत होतं त्या दिवसाची खूण आत ठेवलेली असते, तिला रिस्टोअर पॉइंट म्हणतात. तिथे परत गेलं की नंतर टाकलेली सॉफ्टवेअरं निघून जातात, आपल्या फाइली मात्र राहतात. तेवढा भाग मी पुन्हा लावून ऐकला. कॉम्प्युटर मागे नेला की त्याचीही नोंद राहते. ती उघडली. ज्या ज्या दिवशी माझं सॉफ्टवेअर गेलं, नेमके तेच दिवस.

हे आल्यावर चहा देताना मी विचारलं, "कॉम्प्युटर तुम्ही मागे नेत होतात?"

हे हसले. "हो. किती दमायचीस तू. डोळे लाल व्हायचे. तुझ्यासाठीच केलं."

मला वाटलं होतं, नाही म्हणतील, मग मी भांडेन. हो म्हटल्यावर मी उठून भरताची वांगी भाजायला घेतली. सासूबाई म्हणाल्या, "त्याले तुनी केवढी काळजी शे!" जेवताना ह्यांनी भरीत छान झालंय म्हणून दोनदा मागून घेतलं, आणि मी वाढलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. भूमिका धुळ्याला ज्या वकीलबाईंकडे काम करते, त्यांना टायपिंगला कुणीतरी हवंय. त्यांच्याच ऑफिसात बसून, त्यांच्याच कॉम्प्युटरवर. सोमवारपासून ये म्हणाल्यात. घरात मी अजून बोललेले नाही. बोलले तर हे रागावणार नाहीत. जवळ बसवून समजावतील आणि मला ते पटेल, याचीच धास्ती वाटते. म्हणून रविवारी तू आणि दाजी गाडी घेऊन या. पाहुणे म्हणून नको, मला न्यायला या; सोमवारी तुझ्या घरूनच कामावर जाईन. मी दारातच म्हणेन, आत्ता नको गं, पुढच्या महिन्यात येते, ह्यांचे जेवणाचे हाल होतील. अगदी हसून म्हणेन, तुला खरं वाटेल असं. माझं ऐकू नकोस, अक्का. पिशवी भरलेली नसली तरी चालेल. मला हाताला धर आणि गाडीत बसव.

रविवारची वाट बघणारी, तुझीच
दिपमाला